मॅच आपली, लाइव्ह कुणाचं?

थंडी पडली की पनवेल-उरण पट्ट्यातल्या गावांत टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. कडेला मांडव, मांडवात आगरी कॉमेंट्री, मॅन ऑफ द सिरीजला बाईक, आणि हे सगळं युट्यूबवर लाइव्ह. नोकरीसाठी आखातात गेलेला गाववालाही बॉल टू बॉल बघतो. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल झाली आणि हाच गावठी खेळ टीव्हीवरही गेला.

आता आपल्या कॉलेजची इंटरकॉलेजिएट कबड्डी आठवा. सेमीफायनल, शेवटची रेड, बोनसवरून राडा. बघायला कोण? राखीव खेळाडू, जिमखान्याचे सर आणि लेक्चर बंक करून आलेले पाच जण. शूटिंग कुणाच्या तरी मोबाइलवर, तेही उभं.

अमेरिकेत कॉलेजचे सामने म्हणजे टीव्हीचा मोठा धंदा. तिथल्या ‘बिग टेन’ या कॉलेजांच्या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. ‘पॅक-१२’ गटाच्या हातात मात्र अ‍ॅपलची ऑफर होती, म्हणजे सामने मुख्यतः पैसे भरून अ‍ॅपवर बघायचे. कॉलेजांना ते पटलं नाही. २०२३ मध्ये शंभर वर्षांहून जुना गट फुटला, आधी ठरवलेली धरून बारापैकी दहा कॉलेजांनी बाहेर पडायचं ठरवलं. आणि खेळाडू? कॉलेजकडून या कमाईतला थेट वाटा मिळायला त्यांना जुलै २०२५ उजाडलं, तेही कोर्टात भांडून.

आपल्याकडे एवढा पैसा नाही, म्हणून हक्कांचं कुणी विचारतही नाही. उद्या एखादं चॅनल ‘फुकट लाइव्ह करतो’ म्हणत आलं, तर सर आनंदाने पत्रावर सही करतील. पण प्रक्षेपणाचा हक्क आपल्या कायद्यात २५ वर्षं टिकतो! गंमत म्हणजे कॉपीराइट कायद्यात ‘कलावंत’ कोण, या यादीत गारुडी आहे, जादूगार आहे, व्याख्यान देणाराही आहे. खेळाडूचं नाव नाही. त्याने ‘सादरीकरण करणारी इतर कुठलीही व्यक्ती’ या शब्दांत स्वतःला शोधायचं. म्हणून पत्रात एक ओळ आधीच घालून घ्या: प्रत्येक खेळाडूला त्याची क्लिप फुकट मिळेल आणि ती कुठेही वापरता येईल. ट्रायलला जाताना तीच कामी येते.

त्यापेक्षा कॉलेजचंच चॅनल काढलं तर? युट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं बघणं लागतं. दोन तासांची मॅच ४० जणांनी पूर्ण बघितली तर ८० तास. अशा ५० मॅच. सगळे खेळ मिळून हे अशक्य नाही. कमाई किरकोळच होईल, बॉलचा खर्च निघाला तरी पुष्कळ. मात्र पोराची रेड बघायला आईला पैसे भरायला लावणारं अ‍ॅप नको.

सुरुवातीला ट्रायपॉड आणि पॉवर बँक पुरे. आणि हो, मोबाइल आडवा धरा.