कुठल्या रेसला अडते?

सकाळी साडेआठ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आधी लेथ सुरू होतात, मग आमची शटरं वर जातात. पहिलं गिऱ्हाईक बहुधा दूधवालं असतं. डेअरीला दूध घालून झालेलं, मोकळे कॅन गाडीला तसेच लटकलेले. आजच्या मामांची स्प्लेंडर जुनी, पण जपलेली.

"मिस्त्री, कार्बोरेटर तेवढा साफ करून द्या."

"कशावरून कार्बोरेटर?"

"चोक दिल्याबिगर चालू होईना. चोक काढला की बंद."

"आणि पळताना कुठल्या रेसला अडते?"

"पळाय लागली की काय तक्रार न्हाई बघा."

निम्मं काम इथंच झालं. गिऱ्हाईक 'साफ करा' म्हणालं म्हणून कार्बोरेटर खाली उतरवायचा नाही, असं मी हाताखालच्या पोराला पहिल्या दिवसापासून सांगत आलोय. आधी हा प्रश्न विचारायचा. कार्बोरेटरात पेट्रोलला एकच वाट नसते. रेस सोडलेली असताना ते स्लो जेटमधून येतं, मधल्या रेसला नीडलच्या कडेने आणि रेस पूर्ण पिळली की मेन जेटच्या हिशोबाने. गाडी कुठं अडते ते कळलं की कुठली वाट तुंबली तेही कळतं. चोकवर चालते आणि सुट्या रेसला बंद पडते, म्हणजे आधी स्लो जेटवर संशय. तरी मी प्लग काढून बघितलाच. ठिणगी निळी, प्लगचं तोंड पांढुरकं. पेट्रोल कमी पडतंय.

नऊ

कॉक बंद केला, फ्लोट चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत धरलं. बाटली उजेडात धरली की टाकीची हकीकत कळते. तळाशी तांबूस भुकटी दिसली तर टाकी आतून गंजलीय. पेट्रोलच्या खाली वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर पाणी. मामांच्या बाटलीत थोडी भुकटी होती. म्हणजे जेट साफ केला तरी टाकी धुतल्याशिवाय आणि कॉकची जाळी बघितल्याशिवाय गाडी पंधरा दिवसांत परत येणार. ते मामांना आधीच सांगून टाकलं.

मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत न्यायचा आणि किती आटे गेला ते मोजायचं. पोरगं आकडा खडूने फरशीवर लिहितं. जोर लावला तर स्क्रूचं टोक आत रुततं आणि बॉडीची जागा कायमची खराब होते. स्क्रू बाहेर आला की त्यामागून स्प्रिंग, बारीक वायसर आणि त्याहून बारीक ओ-रिंग यायला हवी. ही ओ-रिंग बऱ्याचदा आतच चिकटून राहते. ती न काढता हवा मारली तर गल्लीभर शोधूनही सापडत नाही, आणि तिच्याशिवाय गाडी कधीच सेट होत नाही. रबरी वस्तू सगळ्या वेगळ्या वाटीत ठेवायच्या, क्लीनर त्यांना लागू द्यायचा नाही, नाहीतर फुगतात.

आता स्लो जेट. पितळेची बारीक कांडी, डोक्याला खाच. खाचेत बरोबर बसणाराच पेचकस लावायचा. आतलं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. जेट उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघितलं तर गोल, स्वच्छ कडेचा ठिपका दिसायला हवा. मामांच्या जेटमधून काहीच दिसेना. क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, तोवर बॉडी धुतली, मग कॉम्प्रेसरची हवा मारली. ठिपका दिसला, पण एका बाजूने खाल्लेला. परत बुडवला. इथं हात शिवशिवतो आणि लोक क्लच केबलची तार घालतात. ते मी माझ्या गॅरेजात चालू देत नाही. तार पोलादाची, जेट पितळेचा. भोकाला ओरखडा गेला की जेटचा नंबर नुसता कागदावर उरतो. मग प्लग काळा होतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि दोष कुणालाच सापडत नाही. कचरा सुटतच नसेल तर नवा जेट घालावा.

नुसता जेट साफ करूनही भागत नाही. स्क्रूच्या भोकात क्लीनरची नळी लावली की बॉडीतल्या बारीक भोकांतून धार बाहेर पडलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. ती दिसली तेव्हाच मी जोडायला घेतलं. टाकी धुऊन, फरशीवरच्या आकड्याइतके आटे स्क्रू मागे घेऊन किक मारली. चोक न देता चालू.

सव्वा अकरा

एक तरुण शेतकरी आला. गाडी पाच-सहा किलोमीटर चालते, झटके देते, बंद पडते. थोडं थांबलं की परत चालू. आधी दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून झालेला. मी ड्रेन स्क्रू उघडला. धार आली, बारीक झाली, थेंबावर आली. टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स आवाज झाला आणि धार पुन्हा जोरात. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी, ती येत नव्हती. भोक मोकळं केलं, कार्बोरेटरला हातही लावला नाही. किरकोळ पैसे घेतले आणि त्याला पाठवलं.

अशा गाड्यांचं मला वाईट वाटतं. टॅपेट घट्ट झालेली गाडीही गरम झाल्यावर अशीच छळते आणि खापर कार्बोरेटरवर फुटतं. विनाकारण उघडलेल्या कार्बोरेटरचे स्क्रू घासतात, गॅस्केट फाटतं आणि नसलेला रोग जडतो.

एक

डबा खायच्या आधी एक गाडी उरकली. स्टँडवर लावली की खालच्या नळीतून पेट्रोल टिपकतं. घरच्या पाण्याच्या टाकीत जसा फुगा, तसा चेंबरमध्ये फ्लोट. पातळी वाढली की तो नीडल वर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. फ्लोट कानाशी हलवून बघितला, आत पेट्रोल शिरल्याचा आवाज नाही. नीडलच्या रबरी टोकावर मात्र गोल खाच पडलेली. नखाला लागते ती. नवी नीडल घातली, चेंबर लावण्याआधी कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकून बघितलं. फुंकर अडली, काम झालं.

इथेनॉलवाल्या पेट्रोलचा प्रश्न आता रोज निघतो. आमच्या जिल्ह्यातला माणूस विचारणारच. त्याचाच ऊस कारखान्यात जातो आणि तिथून इथेनॉल होऊन टाकीत येतो. माझं म्हणणं मी सरळ सांगतो. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे जुन्या जेटवर २० टक्के इथेनॉल चाललं की मिश्रण थोडं कोरडं पडतं. इंजेक्टरच्या गाडीला सेन्सर आहे, ती सावरून घेते. कार्बोरेटरला ते जमत नाही, त्याला पेचकस लावावा लागतो. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, नेमके जिथून कॉक पेट्रोल घेतो तिथं. पावसाळ्यात झाकणाचं रबर बघा, हा माझा प्रत्येकाला आग्रह असतो.

पाण्याचं निघालं की २०१९ चा ऑगस्ट आठवतो. पंचगंगेचा पूर ओसरला आणि गाळाने भरलेल्या गाड्या ढकलत आणल्या लोकांनी. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा फ्लोट चेंबर उघडला की पेट्रोलऐवजी गाळ निघायचा. किक मारून बघू नका, एवढंच आम्ही ओरडून सांगत होतो.

तीन

आरएक्स १००. गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, पण कोल्हापूरच्या पोरांचा जीव अजून तिच्यात. ती घेऊन आलेल्या पोराला मेन जेट बदलून हवा होता, कारण "वरच्या रेसला दम नाही." पूर्ण रेसवर पळवून, तशीच बंद करून आणायला सांगितली आणि प्लग बघितला. तोंड पांढरं. जेट मूळचाच, पण मॅनिफोल्डचं रबर तडकलेलं. गाडी सुट्या रेसवर ठेवून जोडावर ऑइलकॅनने दोन थेंब सोडले तर आवाज लगेच बदलला. तिथून फुकटची हवा आत जात होती. टू-स्ट्रोकला हे फार वाईट. मिश्रण कोरडं, इंजिन तापतं, पिस्टन चिकटतो. पोरगं मोठ्या जेटवर अडून बसलं. मी म्हटलं, आधी रबर बदल, मग दम मोज. त्याला पटलं.

साडेचार

व्हॅक्युमचा कार्बोरेटर असलेली पल्सर. रेस दिली की आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. वरचं झाकण काढून रबरी पडदा उजेडाकडे धरला, कडेला टाचणीएवढं छिद्र. चिकटवून चालत नाही, नवाच लागतो. या कार्बोरेटरला पडदा काढल्याशिवाय हवा मारायची नाही, हे पोराला पुन्हा सांगितलं.

पोरगं विचारतं, एप्रिल २०२० नंतर बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्टर आलाय, मग हे शिकायचं कशाला? मी त्याला गल्लीत उभ्या असलेल्या गाड्या दाखवतो. त्या शेतावर जातात, दूध वाहतात, पोरांना शाळेत सोडतात. त्यांना आणखी बरीच वर्षं मिस्त्री लागणार आहे. इंजेक्टरही त्याला शिकवणार आहेच.

सात

शेवटची स्कूटर, मालक परगावी असल्याने महिनोन्‌महिने उभी. चेंबर उघडला तर आंबूस वास, तळाला हिरवट-तपकिरी चिकट थर. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि हे मागं राहतं. सगळं रात्रभर क्लीनरमध्ये राहील. मालकांना फोनवर सांगितलं, "काका, पुढच्या खेपेला जाताना चेंबर रिकामा करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे."

पोरगं जेट डब्यांत घालून प्रत्येक डब्यावर गाडीचा नंबर लिहितंय. उद्या दुकान उघडल्या उघडल्या पल्सरचा पडदा आणायला पाठवायचंय त्याला. फ्लोटच्या नीडलही संपल्यात.