वर्गणी कीं एकरकमी खरेदी ?

बाजारांत जाऊन एखादी वस्तु विकत घेतली म्हणजे तिच्यावर आपली मालकी झाली, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजलेली आहे कीं तिचा आपण कधीं विचारहि करीत नाहीं. सायकल घेतली कीं ती आपली. मोडली तर दुरुस्त करावी, नको झाली तर धाकट्या भावास द्यावी. विकणारा पुन्हा दारीं येत नाहीं. वर्तमानपत्राची गोष्ट निराळी. त्याची आपण वर्गणी भरतों, आणि ती थांबली कीं दुसऱ्या दिवसापासून अंक येत नाहीं. परंतु आधींचे अंक घरांतच राहतात, आणि ते रद्दीवाल्यास द्यावयाचे कीं बांधून ठेवावयाचे हें आपल्याच मर्जीवर असतें. तिसरा प्रकार भाड्याच्या खोलीचा. भाडें थांबलें कीं खोली सोडावी लागते, मग तींत आपण कितीहि वर्षें काढलेलीं असोत.

आतां संगणकावर व मोबाइलवर चालणारीं जीं सॉफ्टवेअरें, ज्यांस हल्लीं लहानथोर सारेच 'अॅप' म्हणतात, तीं या तिहींपैकीं कोणत्या प्रकारांत मोडतात ? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण चित्रें काढण्यासाठीं, निबंध लिहिण्यासाठीं, व्हिडिओ जोडण्यासाठीं अशीं अॅपें वापरतात, आणि त्यांचे पैसे पालकांच्या खात्यांतून जातात. म्हणून दोघांच्याहि उपयोगाचा हा विषय आम्ही येथें घेत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या व्यवहारास नांव 'वर्गणी' असें दिलें जातें, पण पुष्कळदां तो वर्तमानपत्राच्या वर्गणीसारखा नसून खोलीच्या भाड्यासारखा असतो. आणि हा भेद किंमतीच्या भेदाहून मोठा आहे.

भाड्याची पद्धति कांहीं नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी आपलीं यंत्रें भाड्यानेंच देत असे. १९५६ सालच्या न्यायालयीन निर्णयान्वयें तिला तीं विकण्याचाहि पर्याय ग्राहकांपुढें ठेवावा लागला. १९६९ सालीं तिनें यंत्र व प्रोग्राम यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि प्रोग्राम ही स्वतंत्रपणें विकावयाची वस्तु आहे ही कल्पना रूढ होऊं लागली. पुढें घरोघर संगणक आले, तेव्हां सॉफ्टवेअर खोक्यांत घालून दुकानांत मिळूं लागलें. आधीं फ्लॉपीवर, मग सीडीवर. पैसे एकदां मोजावे, खोकें घरीं आणावें, आणि संगणक चालेल तोंवर वापरावें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. खोक्याच्या दिवसांतहि ग्राहक सॉफ्टवेअरचा मालक होत नसे. त्यास मिळे तो केवळ वापरण्याचा परवाना. पण तो परवाना बेमुदत असे, व सीडी कपाटांत असे, म्हणून मालकी आपली नाहीं ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नसे. आतां ती येऊं लागली आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०२४ सालीं एक कायदा केला व तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. जी डिजिटल वस्तु विक्रेता पुढें केव्हांहि काढून घेऊं शकतो, ती विकतांना हा केवळ परवाना आहे हें स्पष्ट सांगितल्यावांचून 'खरेदी' हा शब्द वापरूं नये, असें त्या कायद्याचें तात्पर्य आहे. एका शब्दासाठीं कायदा व्हावा, यांतच त्या शब्दाचें वजन दिसून येतें.

मोठा पालट झाला तो २०१३ च्या मे महिन्यांत. चित्रकार, छायाचित्रकार व मुद्रक ज्यावांचून काम करीत नाहींत तें फोटोशॉप व इनडिझाइन बनविणाऱ्या अॅडोबी कंपनीनें जाहीर केलें कीं यापुढें खोक्याची नवी आवृत्ति निघणार नाहीं. जें नवें मिळेल तें वर्गणीनेंच. हजारों ग्राहकांनीं सह्या करून विरोध केला. कंपनीनें निर्णय बदलला नाहीं. हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. २०१२ सालीं त्या कंपनीच्या सर्व साधनांचा संच एकरकमी सुमारें २,६०० डॉलरांस मिळे. वर्षाची हमी दिल्यास तोच वर्गणीनें महिना सुमारें ५० डॉलरांत मिळूं लागला. म्हणजे वर्षास ६००, आणि चार वर्षें चार महिने लोटले कीं दोन्ही रकमा बरोबर. ज्यास तीन महिन्यांपुरतेंच काम असे त्यास वर्गणीच स्वस्त; महिन्यामहिन्याच्या बोलीनें ती ७५ डॉलर असे, तरी तीन महिन्यांचे २२५ च होतात. उलट जो दहा वर्षें एकच जुनी आवृत्ति समाधानानें वापरतो, त्यास हा व्यवहार फार महाग पडला.

असे समाधानी लोक आपल्याकडे थोडे नाहींत. महाराष्ट्रांतील लहान लहान छापखान्यांत लग्नपत्रिका व हस्तपत्रकें जुळविण्यासाठीं पेजमेकर हें सॉफ्टवेअर आजहि चालतांना आढळतें. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ति २००१ सालीं निघाली. जुना संगणक, जुनी विंडोज, जोडीस श्रीलिपीसारखे मराठी फॉन्ट, आणि काम अव्याहत चालू ! वर्गणीच्या जगांत असा छापखाना संभवतच नाहीं.

पण बनविणाराचीहि बाजू आहे, आणि ती ऐकून न घेतां त्यास लोभी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. सुतार टेबल करून देतो व घरीं जातो, कारण टेबलाखालची जमीन हालत नाहीं. अॅपाखालची जमीन मात्र दरवर्षीं हालते. मोबाइलची कार्यप्रणाली बदलते, नवे फोन निघतात, चोरट्यांस शिरण्यास नव्या फटी सांपडतात. आणि जें अॅप गतवर्षीं नीट चालत होतें तें यंदां अडखळतें. हें सारें दुरुस्त करणाराच्या श्रमाचे पैसे कोणी द्यावयाचे ? एकरकमी पद्धतींत ते नवा ग्राहक देतो, जुना देत नाहीं. त्यामुळें नव्या ग्राहकांस भुलविण्याकरितां दर दोन वर्षांनीं नको असलेलीं कलमें जोडून 'नवी आवृत्ति' काढण्याचा मोह होतो, आणि जुन्या आवृत्तींतील दोष तसेच राहतात. अॅपलचें अॅप-दुकान २००८ च्या जुलैंत उघडलें, तेथें तर जुन्या ग्राहकाकडून सवलतीनें नव्या आवृत्तीचे पैसे घेण्याची सोयच नव्हती. २०१६ सालीं त्याच कंपनीनें सर्व प्रकारच्या अॅपांस वर्गणीची मुभा दिली, आणि वर्गणीदार एक वर्ष टिकला तर आपलें दलाल शेंकडा ३० वरून १५ वर आणण्याचें कबूल केलें. दुकानदारच एका बाजूस झुकल्यावर कारागीर तिकडे वळले यांत नवल तें काय ?

शिवाय कांहीं सेवा मुळांतच चालू स्वरूपाच्या असतात. आपलीं छायाचित्रें कंपनीच्या सर्व्हरवर ठेवावयाचीं तर तेथें वीज जळते, यंत्रें झिजतात, राखणदार लागतात. त्याचे दरमहा पैसे देणें हें गोदामाचें भाडें देण्यासारखेंच रास्त आहे. आमचा आक्षेप याला नाहीं. आमचा आक्षेप आहे तो आपण स्वतः निर्मिलेल्या वस्तूस दुसऱ्याचें कुलूप लागतें याला.

एखाद्या मुलानें इनडिझाइनमध्यें हस्तलिखित मासिकाचे चार अंक जुळविले आणि पुढें वर्गणी थांबली, तर सॉफ्टवेअर उघडत नाहीं. आणि त्या फाइली दुसऱ्या साधनांत सरळ उघडणें बहुधा साधत नाहीं. लेख त्याचे, चित्रें त्याचीं, मांडणी त्याची, आणि किल्ली मात्र दुसऱ्याजवळ ! मायक्रोसॉफ्टची रीति याहून सौम्य आहे : ३६५ ची मुदत सरल्यावर संगणकावरील वर्डमध्यें जुनें लेखन वाचतां व छापतां येतें, पण त्यांत बदल करतां येत नाहीं. जर्मनींतील लाइप्झिग येथील युलिसिस हें लेखकांसाठीं असलेलें अॅप २०१७ च्या ऑगस्टांत वर्गणीवर गेलें, तेव्हां जुने ग्राहक फार संतापले. तथापि वर्गणी संपल्यावरहि आपलें लेखन वाचण्याची व बाहेर काढून नेण्याची मोकळीक त्या लहान कंपनीनें ठेविली. तिघांची पद्धति एकच, पण ग्राहकाच्या हातीं शेवटीं काय उरतें यांत केवढें अंतर !

आम्हांस सर्वांत समंजस वाटली ती जेटब्रेन्स या कंपनीची तोड. प्रोग्राम लिहिणारांसाठीं साधनें करणाऱ्या या कंपनीनें २०१५ च्या सप्टेंबरांत केवळ वर्गणीची योजना जाहीर केली. ग्राहकांत मोठा गहजब झाला. थोड्याच दिवसांत कंपनीनें योजना सुधारली ती अशी कीं, जो सलग बारा महिने वर्गणी भरील त्यास त्या काळाच्या आरंभींची आवृत्ति कायमची वापरण्याचा परवाना मिळेल. पुढें वर्गणी थांबली तरी ती आवृत्ति त्याची. ही खरी वर्तमानपत्राची वर्गणी होय : नवा अंक येणार नाहीं, पण आलेला अंक परत मागणार नाहीं. ग्राहकांनीं एकमुखानें व वेळेवर बोलल्यामुळेंच हें घडलें, हेंहि आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

भाड्यांत दुसरी एक अडचण असते, ती म्हणजे भाडें वाढविणें घरमालकाच्या हातीं राहतें. मायक्रोसॉफ्टनें २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंत आपल्या एकट्या व्यक्तीसाठींच्या वर्गणीचा वार्षिक दर, कोपायलट ही कृत्रिम बुद्धीची सोय जोडून, ७० डॉलरांवरून १०० वर नेला. ती सोय मागितली किती जणांनीं होती, हा प्रश्न अलाहिदा. त्याच कंपनीचें एकरकमी ऑफिस २०२४ घरगुती वापरासाठीं १५० डॉलरांस निघालें होतें. त्यांत मोठी साठवण नाहीं, पुढील आवृत्तीहि नाहीं, पण दीड वर्षांत पैसे फिटतात.

एकरकमी खरेदी म्हणजे अमरपट्टा, असेंहि कोणी समजूं नये. ऑफिस २०१६ व २०१९ यांची देखभाल कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. विंडोज १० ची नेहमींची देखभालहि त्याच दिवशीं संपली. तीं उघडतात, चालतात, पण नव्या फटी बुजविल्या जात नाहींत, आणि इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर तें धोक्याचें असतें. 'आजन्म परवाना' या जाहिरातींत जन्म कोणाचा, ग्राहकाचा कीं कंपनीचा, हेंहि विचारून घ्यावें. आणि कुलुपाचें म्हणाल तर आपल्या मराठीस त्याचा अनुभव वर्गणीच्या पूर्वींचाच आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, आणि तेथें तो फॉन्ट नसला, कीं पानभर अर्थहीन चिन्हें दिसतात. कित्येक संस्थांचे जुने अहवाल असे मुके पडून आहेत. देवनागरी युनिकोडमध्यें १९९१ सालींच, पहिल्या आवृत्तीपासून होती. ती वापरली असती तर हें संकट ओढवलें नसतें.

पालकांसाठीं दोन शब्द व्यवहाराचे. फोनवरून अॅप काढून टाकलें म्हणजे वर्गणी थांबते, असा पुष्कळांचा समज आहे; तो चुकीचा आहे. वर्गणी ज्या दुकानांतून सुरू केली तेथें जाऊन ती रद्द करावी लागते, आणि यू.पी.आय. ऑटोपेची परवानगी दिली असेल तर तीहि यू.पी.आय.च्या अॅपांत पाहून घ्यावी. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. वसुलीच्या निदान २४ तास आधीं ग्राहकास सूचना यावी लागते. परंतु ठराविक रकमेपर्यंत दर वेळीं नवी संमति लागत नाहीं, आणि ही मर्यादा २०२२ च्या जूनमध्यें ५,००० रुपयांवरून १५,००० केली गेली. मुलांच्या अॅपांचे हप्ते या मर्यादेच्या पुष्कळ खालीं असतात, म्हणून ती सूचना वाचणें हेंच एक कुंपण. केंद्र सरकारनें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकांस फसविणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढली, तींत 'वर्गणीचा सांपळा' ही एक आहे. रद्द करण्याचा मार्ग मुद्दाम लपविला असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे १९१५ या क्रमांकावर तक्रार करतां येते.

निबंध व हिशेब यांसाठीं लिब्रेऑफिस, चित्रांसाठीं क्रिटा, छायाचित्रांसाठीं गिम्प, हीं साधनें मोफत आहेत. शाळकरी कामास तीं बहुधा पुरतात, जरी गिम्पची मांडणी प्रथम जरा रुक्ष वाटते. तरीहि एखादें वर्गणीचें अॅप हवेंच असेल तर विद्यार्थ्यानें आधीं त्यांत एक छोटें काम करावें, तें ओडीटी, पीडीएफ किंवा साध्या युनिकोड मजकुराच्या रूपांत बाहेर काढावें, आणि तें अॅप नसलेल्या मित्राच्या संगणकावर नेऊन उघडून पाहावें. अक्षरें नीट दिसतात काय, चित्रें जागच्या जागीं आहेत काय, आणि त्यांत बदल करतां येतो काय, हें तेथेंच कळतें. या परीक्षेस दहा मिनिटें लागतात, आणि मोफत मुदत संपण्यापूर्वीं, पहिला हप्ता जाण्याआधीं, ती करतां येते.