साबुदाण्याचा कोड कोणता? कस्टम्सबद्दलचे काही पक्के गैरसमज

धरणगाव तालुक्यात कापूस होतो, मका होतो, केळी होते; टॅपिओकाचा कंद मात्र कुणी लावत नाही. तरी आषाढी आली की किराणा दुकानांत साबुदाण्याची पोती दारापर्यंत येतात आणि उन्हाळ्यात गच्च्यांवर साबुदाण्याचे पापड, चिकवड्या वाळत पडलेल्या दिसतात. साबुदाणा येतो तो बहुतेक तामिळनाडूतल्या सेलमहून. दुबईला किंवा अमेरिकेत राहणाऱ्या लेकीसुनांसाठी त्याचे डबे जातात, आणि त्यातूनच एखाद्या घरी 'आपणच माल बाहेर का पाठवू नये?' असा विषय निघतो. मग गाठ पडते ती आठ आकडी कोडशी. या कोडबद्दल जे सल्ले फुकट मिळतात, त्यांतले बरेचसे महागात पडणारे असतात.

पहिला सल्ला असा, की साबुदाणा हा किराणा माल, म्हणून त्याला धान्यात टाका. कस्टम्सच्या दरपत्रकात धान्याचं प्रकरण दहावं. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका तिथे आहेत, साबुदाणा नाही. तो धान्य नाही यावर उपवास करणारे आणि कस्टम्सवाले यांचं एकमत आहे, आणि असं एकमत फार थोड्या बाबतींत होत असेल.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे: टॅपिओकाचं काहीही असलं तरी कोड एकच. हा गैरसमज सेलमच्या कारखान्यात नुसती एक फेरी मारली तरी सुटतो. कंद धुऊन, सोलून, किसून त्याचं दूध काढतात. ते गाळून टाक्यांत निवळत ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. तो ओला स्टार्च फोडून कापडाच्या झोळीत हलवत राहिलं की त्याच्या गोळ्या वळतात. गोळ्या चाळून, तापलेल्या पत्र्यावर भाजून उन्हात वाळवल्या की साबुदाणा तयार. या वाटेवर माल जिथे थांबला, तिथला त्याचा कोड. ताजा कंद किंवा त्याच्या वाळवलेल्या चकत्या ०७१४.१० मध्ये. चकत्या दळून केलेलं पीठ ११०६.२० मध्ये. धुऊन वेगळा काढलेला स्टार्च ११०८.१४. दाणे, मोती, पोहे अशा रूपातला साबुदाणा १९०३. आणि स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करून त्याचा गुणच बदलला, तर तो खाद्यपदार्थांची प्रकरणं सोडून थेट ३५०५.१० मध्ये जातो.

पीठ आणि स्टार्च यांत लोक हमखास फसतात. दोन्ही पांढरी, दोन्ही भुकटी. पण पिठात कंदाचा चोथा असतो, स्टार्चमधून तो धुऊन निघालेला असतो. बिलावर नुसतं 'टॅपिओका पावडर' लिहिलं तर अधिकारी नमुना प्रयोगशाळेत पाठवणार, आणि तोवर कंटेनर बंदरात भाडं खात उभा.

'गोळी दिसली की ती पेलेट' हाही असाच एक समज. ०७१४ मध्ये पेलेटचा उल्लेख आहे खरा, पण तिथली पेलेट म्हणजे सुकवलेला कंद दाबून, किंवा वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत चिकट द्रव्य घालून केलेली गोळी. थायलंडहून युरोपात जनावरांच्या खाद्यासाठी अशा पेलेटची जहाजंच्या जहाजं जात. इतकी, की १९८२ मध्ये युरोपीय समुदायाला थायलंडशी करार करून ती आवक आवरावी लागली. साबुदाणा गोल असला तरी त्याचा त्या गोळीशी संबंध नाही, कारण तो स्टार्चपासून झालेला.

माल कशासाठी वापरणार, यावरही सहसा काही ठरत नाही. खानदेशात यंत्रमाग आहेत, सुताला खळ लागते, खळीला स्टार्च लागतो. म्हणून तो औद्योगिक माल ठरत नाही. टॅपिओका स्टार्च खिरीत गेला काय नि खळीत गेला काय, ११०८.१४ च. कशापासून काढला, हे मात्र बघतात. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला मक्याचा स्टार्च होतो, त्याचा कोड ११०८.१२.

'खरा साबुदाणा साबूच्या ताडाचा, सेलमचा नकली' असं म्हणणारेही भेटतात. आग्नेय आशियात साबू ताडाच्या गाभ्यापासून दाणे करतात हे खरं. दुसऱ्या महायुद्धात ती आयात बंद पडली आणि सेलममध्ये १९४३ च्या सुमारास टॅपिओकापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. १९०३ च्या मथळ्यात टॅपिओका आणि स्टार्चपासून केलेले त्याचे पर्याय अशी दोन्हींची सोय आहे, आणि भारताच्या अन्न नियमांनाही साबू ताड किंवा टॅपिओका, दोन्ही चालतात. मक्याचा स्टार्च मिसळलेला दाणा मात्र अन्न नियमांत बसत नाही. कोड बरोबर असला म्हणजे माल शुद्ध ठरला, असं नव्हे.

आता पापड. साबुदाण्याचा म्हणून तो १९०३ मध्ये जाईल असं वाटतं, पण पापडाला आपल्या दरपत्रकात स्वतःचं घर आहे: १९०५९०४०. पापड गोलच असला पाहिजे असंही नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या एका प्रकरणात आकारावरून पापडपण ठरत नाही, असं म्हटलं होतं. मात्र हा आठ आकडी कोड आपल्यापुरता. जगभर समान असतात ते पहिले सहा आकडे. पुढचे ज्याचे त्याचे. अमेरिकेत तर दहा आकडे लागतात. तिथल्या ग्राहकाने आपला कोड जसाच्या तसा उतरवला तर त्याचाच अर्ज अडतो.

जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन आणि कस्टम्सचा कोड वेगळे, असं अनेक दुकानदार सांगतात. वेगळे नाहीत; जीएसटीनेही हेच दरपत्रक उचललं आहे. म्हणून बिलावर एक आणि शिपिंग बिलावर दुसरा कोड दिसला की प्रश्न येणारच.

'कोडचं एजंट बघून घेईल' यावरही विसंबू नये. २०११ पासून आयात-निर्यातीत स्वयं-मूल्यांकन आहे. एजंट कागद भरतो, पण जाहीर केलेल्या वर्गीकरणाची जबाबदारी माल ज्याच्या नावावर त्याची, आणि चुकीपोटी फरकाची रक्कम, व्याज, दंडही त्यालाच. नवीन प्रकारचा माल असेल, म्हणजे मसाला लावलेली चिकवडी किंवा दाण्याचं कूट घातलेलं खिचडीचं तयार मिश्रण, तर माल पाठवण्याआधीच कस्टम्सच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे लेखी विचारता येतं. त्याचं एक कार्यालय मुंबईत आहे. अर्जात घटकांची टक्केवारी आणि करण्याची कृती सविस्तर द्यावी लागते. मिळालेला निर्णय अर्जदारावर आणि संबंधित कस्टम्स अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. शेजारच्या कारखानदाराने आणलेल्या निर्णयाची झेरॉक्स आपल्या फाइलला लावून भागत नाही.