घर मोजताना उजेडही मोजा

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि झोपडपट्टीत राहिली. अशा कुटुंबांना पक्के घर मिळावे, ही मागणी रास्तच आहे. पण ते कसे मिळते, हेही आम्ही विचारतो.

मानखुर्दच्या लल्लूभाई व गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये रेल्वे-रस्त्यांच्या कामासाठी उठवलेली कुटुंबे वसवली. घर २२५ चौरस फूट. दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या २०१८ च्या पाहणीने तिथल्या क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या उजेडाशी व कोंदट हवेशी जोडला. नकाशात चूक झाली, भोगतात रहिवासी!

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांच्या घराच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. याचा आम्हाला आनंदच आहे. पण नुसत्या चौरस फुटांवर समाधान मानू नये.

नांदेड-लातुरात असो की बिलोलीत, सही करण्याआधी नकाशा मागा. खिडकीसमोर मोकळी जागा किती? स्वयंपाकघरात वारा येतो का? लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा महिन्याचा खर्च किती? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.