डोंबिवलीचं ‘प्रीमियर’ आणि फ्रान्सचा सिंह

डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर ‘प्रीमियर’ हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. प्रीमियर मैदानावर आता सभा भरतात, आजूबाजूला टॉवर उभे राहिले. पण १९९०च्या दशकात इथल्या कारखान्यातून जगातल्या सर्वांत जुन्या मोटार कंपन्यांपैकी एकीची गाडी बाहेर पडत होती, हे नव्या रहिवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

ती कंपनी प्यूजो. पूर्व फ्रान्समधल्या या कुटुंबाने १८१० मध्ये पिठाच्या गिरणीत पोलादाचा कारखाना घातला. करवती, कॉफी दळायची यंत्रं, मग सायकली असा त्यांचा पसारा वाढला. बॉनेटवर मिरवणारा तो सिंहही मूळचा करवतीच्या पात्यावरचा. १८५८ मध्ये त्याची नोंदणी झाली. आर्मां प्यूजो यांनी १८८९ मध्ये वाफेची तीनचाकी दाखवली आणि लगोलग पेट्रोल इंजिनाकडे वळले. १८९१ मध्ये त्यांची चारचाकी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीबरोबर धावली. कारखान्यापासूनचं अंतर धरलं तर दोन हजार किलोमीटरहून जास्त, आणि वाटेत एकही पेट्रोल पंप नाही! मोटार हे श्रीमंतांचं खेळणं नाही, हे त्या प्रवासाने दाखवून दिलं.

मधे शून्य असलेले तीन आकडे ही प्यूजोच्या नावांची जुनी रीत. त्यावर हक्क सांगून त्यांनी पोर्शेला ‘९०१’ या गाडीचं नाव ‘९११’ करायला लावलं.

त्याच रीतीतली ‘३०९’ डोंबिवलीत आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीशी भागीदारी करून. गाडी दणकट होती, डिझेल मॉडेल विशेष. पण युरोपात ती तोवर बंद झालेली. इकडे कामगारांशी तंटा, त्यात प्रीमियरचा कुर्ल्यात फियाटशीही घरोबा. तीन-चार वर्षांत सगळं आटोपलं. चांगल्या गाडीचं आणि कसबी कामगारांचं ते वाया जाणं आजही सलतं.

२०२१ मध्ये प्यूजो आणि फियाट यांचे समूह ‘स्टेलँटिस’ या एकाच कंपनीत विलीन झाले. अहिल्यानगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावात टाटांच्या भागीदारीत त्यांचा कारखाना चालू आहे. डोंबिवलीत मात्र जुन्या कारखान्याची ओळख सांगणारा एक फलक आणि चालू स्थितीतली एक ‘३०९’ महापालिकेने जरूर ठेवावी. कुणाच्या अंगणात तशी गाडी उभी असेल, तर कृपा करून ती भंगारात काढू नका.