जुन्या गाडीचा मागचा दिवा का विझतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका आजाऱ्याला भेटून रात्री मी जुन्या फियाटने परतत होतो. पाऊस कोसळत होता. एका वळणावर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि तो घसरत कडेच्या चिखलात गेला. देवदयेने खरचटण्यावर निभावले. उठल्यावर तो एवढेच म्हणाला, "फादर, तुमचा मागचा दिवा कुठे आहे?" उतरून पाहिले, तर डावा दिवा विझलेला आणि उजवा विझत्या निखाऱ्यासारखा. त्या महिन्यात मी तीनदा बल्ब बदलला होता. दोष कुठे आहे हे मात्र एकदाही शोधले नव्हते.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डी हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. अँबॅसडर बनणे २०१४ साली थांबले. तरी आपल्याकडे काही घरांत अशी गाडी किंवा जुनी जीप अजून नारळ, काजू घेऊन म्हापशाच्या बाजाराला जाते. ह्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही खालील गोष्टी सारख्याच लागू आहेत.

वीज जाते, तशी परत यावी लागते

बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, स्विच आणि वायर ह्यांतून बल्बापर्यंत पोचते. पण तिला बॅटरीकडे परतही यावे लागते. परतीला स्वतंत्र वायर नसते. दिव्याच्या पत्र्यातून आणि गाडीच्या बॉडीतून ती परतते. ह्या परतीच्या वाटेला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. विहिरीवरचा रहाट आठवा. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात. खाली जाणारी बाजू अडकली, तर वर येणारीही थांबते. दिव्याचे तसेच आहे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पेडण्याच्या किनाऱ्याला खारा वाराही आहे. दिवा ज्या स्क्रूने बॉडीला बसवलेला असतो तेथे गंज धरतो. पितळी होल्डरवर भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढतो. अर्थ अर्धवट होतो. १२ व्होल्टांपैकी दीड व्होल्ट जरी अशा गंजात गेले, तरी बल्बाचा प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. नवा बल्ब घातला तरी तो मंदच राहतो.

लक्षणावरून दोष ओळखावा

एकाने गाडीत बसावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे. साइड लाइट, ब्रेक, इंडिकेटर एकेक करून लावावे.

१. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील, तर फ्यूज, स्विच किंवा पुढून येणारी वायर पाहावी. फक्त दोन्ही ब्रेक लाइट गेले असतील, तर ब्रेकचा स्विच पाहावा. त्याच्या दोन्ही वायरी काढून क्षणभर एकमेकींना जोडाव्या. दिवे लागले, तर स्विच बाद.

२. एकच दिवा गेला असेल, तर त्याच बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ.

३. ब्रेक दाबल्यावर दिवा उजळण्याऐवजी मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकतो, तर दोष बहुधा अर्थचा. परतीची वाट बंद झाल्याने वीज शेजारच्या तारेतून वाट काढते.

तपासण्याचा क्रम

प्रथम बल्ब काढून त्यातील तार तुटली आहे का पाहावे. बऱ्याच जुन्या दिव्यांत एकाच बल्बात दोन तारा असतात: साइड लाइटसाठी ५ वॅटची, ब्रेकसाठी २१ वॅटची. अशा बल्बाच्या दोन खुंट्या कमीजास्त उंचीवर असतात. उलटा दाबून बसवला, तर साइड लाइट ब्रेकसारखा पेटतो.

बल्ब ठीक असेल, तर एक लांब वायर घ्यावी. एक टोक बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकाला, म्हणजे जे बॉडीला जोडलेले असते त्याला लावावे. दुसरे टोक दिव्याच्या धातूच्या होल्डरला टेकवावे. दिवा लख्ख लागला, तर अर्थच खराब आहे हे ठरले. माझ्या गाडीचा दोष मेकॅनिकने असाच दोन मिनिटांत दाखवला.

मग स्क्रू काढून पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, होल्डरही आतून घासावा, आणि घट्ट बसवून वर थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. पत्रा कुजलाच असेल, तर होल्डरपासून बॉडीच्या शाबूत भागापर्यंत वेगळी वायर टाकावी. ट्रॉलीला तर अशी वायर हवीच. नुसत्या आकड्यावर अर्थ टिकत नाही.

एवढ्याने दिवा लागला नाही, तर होल्डरपर्यंत वीज येते का हे टेस्ट लॅम्पने पाहावे. येत नसेल, तर डिकीतील जोड उघडून पाहावे. डिकीच्या झाकणाजवळ घासून, किंवा उंदराने कुरतडून वायर तुटलेली आढळते.

एक गोष्ट कधीही करू नये

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणारे पुष्कळ आहेत. फ्यूज जातो तो कोठेतरी वायर उघडी पडून बॉडीला लागते म्हणून. तो जळला नाही, तर वायर जळेल, आणि फियाटची पेट्रोलची टाकी मागेच असते. फ्यूजच्या टोकांवरचा कळंक मात्र जरूर घासावा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढली आहे. डिचोलीकडच्या वळणांवरही काळोखात मागून कोण येते हे कळत नाही. मागच्याला आपण दिसतो ते त्या लाल दिव्यामुळेच.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा दोन्ही दिवे उघडून साफ करावे. मदतीला कोणी नसेल, तर रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. भिंतीवर दोन लाल डाग सारखेच उजळ दिसले, तर खुशाल निघावे. एकच दिसला, तर त्या रात्री गाडी घरीच राहू द्यावी.