तहानलेली फौज

ठाण्याजवळच्या दिव्यात पाण्याची ओरड जुनीच. टँकर चुकला की घोट मोजून प्यायचे. पण ‘पाणी कमी झालं की प्रतिकारशक्ती कमी’ हे सरसकट खरं नाही. शरीरातलं पाणी आटलं की रक्तातल्या सोडियमचं प्रमाण चढतं. मिठातही हेच सोडियम. उंदरांना जादा मीठ चारलं तेव्हा 2013 मध्ये दाह वाढवणाऱ्या टी-पेशी बळावलेल्या दिसल्या. 2015 मध्ये त्वचेतल्या भक्षक पेशी परजीवींवर तुटून पडल्या. 2020 मध्ये मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मूत्रपिंडातल्या जंतूंपुढे दुबळ्या ठरल्या. म्हणजे या पेशींची फौज आटत नाही, तिची शिस्त बिघडते.

मीठ चारणं म्हणजे तहान नव्हे आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण 2018 च्या चाचणीत वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्यायल्यावर हा संसर्ग जवळपास निम्म्यावर आला. म्हणून दिव्यातला कोरडा नळ हा आरोग्य खात्याचाही प्रश्न आहे.